सहावी ते आठवीच्या मुलांसाठी योगाचा ऐच्छिक वर्ग घ्यायचा आहे. आसनांचा क्रम काय ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की योगशिक्षकाचा कोर्स झालाय, मोठ्यांचे वर्ग घेतलेत, पण मुलांना कधी शिकवलं नाही, आणि जूनपासून शाळेनं आठवड्याला दोन तासिका दिल्यात. क्रमाचं शेवटी सांगते, कारण पहिल्या वर्षी मीही वहीभर क्रम लिहून नेला होता आणि तो पहिल्या दहा मिनिटांत बारगळला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सहा वर्षं छंद-तासिकेला योग घेते. एक गोष्ट आधीच धरून चाला : हौसेनं आलेली मुलं निम्मीच असतील. बाकीची म्हणजे लेझीम, तबला, चित्रकला इथल्या जागा भरल्यावर उरलेली. दोन-चार जणांना आईनं ‘उंची वाढेल’ म्हणून धाडलेलं असतं.

उंचीवरूनच सांगते, कारण या वयाचं खरं दुखणं तिथंच आहे. पाचवीत पायाचे अंगठे सहज धरणारा मुलगा सातवीत पश्चिमोत्तानासनाला (पाय पसरून पुढं वाकायचं) बसला की हात नडगीपर्यंतच जातात. त्याला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. वाढीची उसळी येते तेव्हा आधी पाय लांबतात, धड मागून वाढतं. अंगठाच लांब गेलेला असतो, हात काय करणार? त्यात मुलींची ही उसळी मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते, म्हणजे एकाच रांगेत तीन आकारांची मुलं. मी पहिल्या तासाला फळ्यावर दोन काटकुळी माणसं काढते, एक पाचवीतलं, एक सातवीतलं, आणि पायांच्या रेघा मोजून दाखवते. कितीतरी चेहरे सैलावतात. म्हणून ‘हिचं बघा किती छान जमतंय’ हे वाक्य वर्गात चुकूनही म्हणू नका. ते एकदा म्हटलं की मागच्या रांगेतली चार पोरं ‘पाय दुखतोय बाई’ म्हणून कायमची भिंतीला टेकतात.

हात पोचत नसेल तर गणवेशाचा कमरेचा पट्टा काढून तळपायात अडकवायचा आणि दोन्ही टोकं धरायची. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात पट्टे, विटा, खुर्च्या वापरून कुठल्याही शरीराला आसनात बसवलं, त्याचीच ही शाळेतली फुकट आवृत्ती. पट्टा मात्र मूल स्वतः लावेल. हात लावून आसन दुरुस्त करायची मोठ्यांच्या वर्गातली सवय इथं सोडा. करून दाखवा, तोंडानं सांगा, तेवढं पुरतं.

मग ‘जमलं’ कधी म्हणायचं? पतंजलींचं ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे आम्ही पाढ्यावर मोजतो. वृक्षासनात एका पायावर उभं राहून सातचा पाढा म्हणायचा. आवाज नेहमीसारखा येतोय तोवर थांबा. ‘सात सक बेचाळीस’ला आवाज चिरकला की पाय खाली. पाढेही होतात, हे गणिताच्या सरांना सांगून मी एकदा त्यांची तासिका उसनी घेतली होती.

वेळेसाठी मुख्याध्यापकांशी भांडा. डबा खाल्ल्यावरची तासिका घेऊ नका. आमच्याकडे शनिवारची शाळा सकाळची असते, कवायत झाली की लगेच माझा वर्ग. पोटं रिकामी, अंग गरम. दुसरी तासिका मधल्या सुट्टीच्या आधीची मागून घेतली.

तरीही पवनमुक्तासनाच्या दिवशी जे व्हायचं ते होतंच. पहिल्या वर्षी गुडघे छातीशी घेतले आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला. हॉलमध्ये हास्याचा स्फोट, तो मुलगा लालबुंद. मी म्हटलं, “नाव काय आसनाचं? मग? एकट्याचंच बरोबर झालंय, बाकीच्यांनी पुन्हा करा.” तेव्हापासून हे आसन शिकवायच्या आधीच मी नावाची फोड करून सांगते. लाज आधी काढून टाकली की हसू दोन मिनिटांत ओसरतं.

मुलींसाठी एक नियम ठेवा : पाळीच्या दिवसांत कारण न सांगता चटईवर नुसतं बसून राहता येतं. हा नियम सगळ्यांनाच लागू केला, म्हणजे कोण का बसलंय हे कुणी विचारत नाही. स्कर्ट असेल तर आत ट्रॅक पँट, हे पालकांना पहिल्याच चिठ्ठीत कळवा. त्याच चिठ्ठीत दमा, फिट, जुनं फ्रॅक्चर विचारून घ्या. शीर्षासन, श्वास रोखून धरणं आणि जोराची कपालभाती मी घेतच नाही. या वयाची पोरं कपालभातीची शर्यत लावतात.

एका पालकांनी येऊन हळूच विचारलं होतं, “ॐ म्हणावंच लागेल का?” मी म्हटलं, नाही. आमच्याकडे भ्रामरी असते. चाळीस पोरं एकदम भुंग्यासारखी गुणगुणली की पत्रे थरथरतात, आणि त्यानंतरची शांतता मागून मिळत नाही.

स्पर्धेचा प्रश्न पालक काढतीलच. 2020 मध्ये केंद्र सरकारनं योगासनांना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून पदकाची चौकशी वाढलीय. ज्याला हौस आहे त्याला संध्याकाळच्या क्लबचा रस्ता दाखवा, माझा विरोध नाही. पण छंद-तासिकेत गुण आणि क्रमांक आणलेत तर वर सांगितलेली चार पोरं पहिल्यांदा गळतात.

आता क्रम. पस्तीस मिनिटांतली पाच चटया पसरण्यात जातात. मग चार-सहा सूर्यनमस्कार, सावकाश. (शेजारच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांतून घालायला लावले होते, हे सांगितलं की आमच्याकडच्या पोरांना जरा चेव येतो.) मग उभ्याचं एक, बसून एक, पालथं एक, उताणं एक. एवढंच. एका तासाला नवीन आसन एकच. शेवटची सहा मिनिटं शवासनाची, ती कुणी मागितली तरी देऊ नका. घोरणाऱ्याला उठवू नका.

आणि मोजे हॉलच्या बाहेर काढायला लावा. पावसाळ्यात मी एकदा हे विसरले होते, तेव्हा शवासनात डोळे मिटून पडायला कुणी तयार होईना.