जुन्या हॉलिवूडचा नाद : वाचकांचे प्रश्न

जुन्या हॉलिवूडच्या इतिहासावर हौसेने काम करणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

१९१५ ते १९६० या काळातल्या हॉलिवूडचा इतिहास मराठीतून पॉडकास्टवर सांगायचा आहे, आठवड्याला एक भाग. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

पंचेचाळीस वर्षं एकदम अंगावर घेऊ नका. १९३०च्या दशकात एकटा एमजीएम स्टुडिओ वर्षाला चाळीस-पन्नास चित्रपट काढत होता. आठवड्याला एक घेतला तर एका स्टुडिओचं एक वर्ष उरकायला तुमचं अख्खं वर्ष जाईल. शिवाय दर भागाला नवा स्टुडिओ, नवी माणसं घेतली की मागचं वाचन पुढे कामाला येत नाही आणि आठ-दहा भागांत दम निघतो.

तुकडा छोटा कापा. उदाहरणार्थ, वॉर्नर ब्रदर्सचे १९३० ते जून १९३४ या काळातले चित्रपट. चित्रपटांत काय दाखवायचं याची नियमावली स्टुडिओंनी १९३०मध्ये स्वीकारली, पण ती गांभीर्याने कुणी घेतली नाही. जुलै १९३४पासून ही नियमावली राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि पडद्यावरचं जग बदललं. मधल्या चार वर्षांना दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, आणि तेच नट, तेच लेखक, तेच कॅमेरामन पुन्हा पुन्हा भेटतात.

साधनं बहुतेक फुकट आहेत. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या ऑनलाइन सूचीत श्रेयनामावली आणि निर्मितीच्या नोंदी मिळतात. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत त्या काळची सिनेमासिकं आणि चित्रपट-धंद्याची साप्ताहिकं पानापानाने स्कॅन केलेली आहेत. तिथे शोधायच्या यंत्रणेचं नाव लँटर्न. शोधताना एक अडचण हमखास येते. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, नाव ओळीच्या शेवटी तुटलं तर सापडतच नाही. म्हणून नुसतं आडनाव आणि साल टाका, मग चित्रपटाचं निर्मितीच्या वेळचं जुनं नाव टाकून पुन्हा शोधा. बऱ्याच चित्रपटांची नावं प्रदर्शनाच्या तोंडावर बदललेली असतात.

‘मोशन पिक्चर हेरल्ड’ या धंद्याच्या साप्ताहिकामधलं ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’ हे सदर चुकवू नका. गावोगावचे थिएटरवाले तिथे लिहायचे : पाऊस होता, माणसं आली नाहीत, रीळ खराब आलं, बायकांना आवडलं, पुरुष उठून गेले. समीक्षकांच्या दहा लेखांत जे मिळत नाही ते इथल्या चार ओळींत मिळतं.

बोलायचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. पंधरा मिनिटांच्या भागाला अठराशे शब्द लागतात, आणि तेवढे लिहायला दोन आठवडे पुरतील की नाही शंकाच आहे. आठवड्याचा वायदा करू नका, महिन्याचा करा.

एकाच चित्रपटाचं साल एका ठिकाणी १९४२, दुसऱ्या ठिकाणी १९४३. कालावधीही जुळत नाही. खरं काय मानायचं?
— एक वाचक, नागपूर

दोन्ही खरी असू शकतात. ‘कासाब्लांका’ न्यूयॉर्कमध्ये २६ नोव्हेंबर १९४२ला लागला, सर्वत्र प्रदर्शित झाला २३ जानेवारी १९४३ला. ऑस्करसाठी लॉस एंजेलिसमधलं प्रदर्शन धरलं जाई, म्हणून तो १९४३चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि बक्षीस मिळालं मार्च १९४४मध्ये. तुमच्या नोंदवहीत ‘साल’ असा एकच रकाना असेल तर घोळ होणारच. पहिला खेळ, सर्वत्र प्रदर्शन आणि कॉपीराइट नोंदणी असे तीन रकाने करा. भारतात कधी लागला हवं असेल तर चौथा, आणि तो मुंबईच्या वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरून भरा. तिथलं रीगल थिएटर १९३३मध्ये उघडलं. मेट्रो थिएटर तर एमजीएमनेच बांधलं, १९३८मध्ये. बाबुराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ हे मासिकही (सुरुवात १९३५) स्कॅन झालेलं आहे. त्यातली संपादकांची तिरकस प्रश्नोत्तरं वाचायला लागलात तर मूळ काम बाजूला पडेल, एवढी सूचना करून ठेवतो.

कालावधीचं गणित मूकपटांत बिघडतं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. समजा चित्रपट ७,००० फुटांचा आहे. सेकंदाला १६ चौकटींनी चालवला तर तो ११७ मिनिटं चालतो, २०ने ९३ मिनिटं आणि बोलपटाच्या २४ या वेगाने ७८ मिनिटं. मूकपटांचा वेग ठरलेला नव्हता, चित्रण एका वेगाने आणि खेळ दुसऱ्याच वेगाने होई. तेव्हा मूकपटाची लांबी फुटांत लिहा, आणि मिनिटं दिलीच तर वेगासकट द्या.

बोलपटांत कालावधी वेगळा दिसला तर कात्रीचा संशय घ्या. १९३३चा ‘किंग काँग’ १९३८मध्ये पुन्हा लावताना ब्रीन यांच्या कचेरीने त्यातली दृश्यं कापायला लावली. ‘बेबी फेस’ (१९३३) तर मूळ प्रदर्शनाआधीच कापला होता. न कापलेली प्रत २००४मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात सापडली. कोणती प्रत पाहून लिहिलंत, हे नोंदीत असायलाच हवं.

नटनट्यांच्या जन्माच्या तपशिलावर किती विश्वास ठेवावा?
— एक वाचक, मुंबई

स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने दिलेल्या तपशिलावर अजिबात नको. तुमच्याच शहरातलं उदाहरण : हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन १९११मध्ये मुंबईत जन्मली, पण तिचा जन्म टास्मानियातला असल्याचं जगाला सांगितलं गेलं, कारण तिचं मिश्र रक्त त्या काळच्या हॉलिवूडला चाललं नसतं. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हाही हीच बतावणी चालू होती. अमेरिकेतल्या माणसांसाठी जनगणनेचे कागद बघा. ते ७२ वर्षांनी खुले होतात, १९५०चे २०२२मध्ये झाले. लहानपणीच्या जनगणनेतलं वय सहसा खरं असतं, तोवर खोटं बोलायचं कारण पडलेलं नसतं. मासिकातली मुलाखत वापरायची तर ‘अमुक मासिकाने असं छापलं’ एवढंच म्हणा.

जुन्या चित्रपटांचे तुकडे यूट्यूबवर टाकले की कॉपीराइटचा दावा येतो. साठ वर्षं उलटून गेलेल्या चित्रपटांवरही?
— एक वाचक, पणजी

साठ वर्षांचा नियम भारतातला. यूट्यूबवर व्हिडिओ जगभर दिसतो, आणि अमेरिकेत त्या काळच्या चित्रपटांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. १९३० सालचे चित्रपट तिथे १ जानेवारी २०२६ला हक्कातून मोकळे झाले. १९६४च्या आधीच्या कृतींचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागे. ज्यांचं नूतनीकरण झालं नाही ते चित्रपट आधीच मोकळे झाले, जसा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०). ‘शराड’ (१९६३) सुटला तो हक्काच्या सूचनेत ‘कॉपीराइट’ हा शब्दच राहून गेला म्हणून.

पण चित्रपट मोकळा म्हणजे त्यातलं सगळं मोकळं असं नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६)चं नूतनीकरण १९७४मध्ये झालं नाही. मग दर नाताळात वाहिन्यांनी तो फुकट दाखवला आणि त्यातूनच तो लाडका झाला. १९९३मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांवर बोट ठेवून तो पुन्हा हक्कात बांधला गेला. मूकपटाचंही तसंच : चित्र १९२५चं असलं तरी त्यावरचं संगीत गेल्या वीस वर्षांतलं असतं. यूट्यूबचं यंत्र तो आवाज ओळखतं आणि दावा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे आवाज काढून टाका आणि वर स्वतःचं निवेदन घाला.

‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांत गल्लत करू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याला जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. त्यावर हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. स्ट्राइक म्हणजे हक्कभंगाबद्दल वाहिनीला मिळणारी ताकीद. ती गंभीर, ९० दिवसांत तीन झाले तर वाहिनीच जाऊ शकते. समीक्षेसाठी तुकडा वापरताना तो छोटा ठेवा आणि ज्या मुद्द्याबद्दल बोलताय तेवढाच दाखवा. निवेदनाच्या मागे शोभेला चालत राहणारा तुकडा समीक्षा म्हणून मांडणं अवघड जातं.

चोरबाजारात १९३५ सालच्या एका चित्रपटाचे फोटो मिळाले. मूळचे आहेत का ते कसं ओळखावं? पावसाळ्यात ठेवावेत कसे?
— एक वाचक, ठाणे

आधी माप घ्या. स्टुडिओचे प्रसिद्धीचे फोटो, म्हणजे स्टिल्स, ८ बाय १० इंचांचे. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. छपाईचे ठिपके दिसले तर तो फोटो नाही, पुस्तकातून वा मासिकातून केलेली नक्कल आहे. खऱ्या फोटोत करडी छटा सलग उतरत जाते. आता फोटो तिरका धरून काळ्या भागावर उजेड पाडा : कडेला निळसर, आरशासारखी झाक आली असेल तर चांदी वर आलेली आहे आणि कागद जुना आहे. शेवटी अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद लख्ख निळा-पांढरा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५०च्या सुमारास आलं. म्हणजे प्रत नंतरची. खालच्या कोपऱ्यातला अंक आणि मागे चिकटवलेला टाइप केलेला कागद ही सर्वात मोलाची माहिती. तो कागद सोलू नका.

पोस्टर असेल तर ‘वन शीट’, म्हणजे नेहमीच्या मापाचं पोस्टर, २७ बाय ४१ इंच हवं. २४ बाय ३६ निघालं तर ती सरळ आजची नक्कल. १९४०नंतरच्या पोस्टरवर खाली ‘४६/१२३’ असा आकडा दिसतो, पहिला भाग सालाचा. आकड्याच्या आधी ‘आर’ असेल तर पोस्टर पुनर्प्रदर्शनाचं.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), टिफ या फाइल-प्रकारात. ८ बाय १०चा फोटो रंगीत स्कॅन केला तर सुमारे ८६ एमबीची फाइल होते, म्हणून सगळ्या फोटोंसाठी एक आणि त्यांच्या प्रतीसाठी एक अशा दोन हार्ड डिस्क लागतील. मागची बाजूही स्कॅन करा.

ठेवायला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या. उघडल्यावर नव्या रेक्झिनसारखा वास येणारं प्लॅस्टिक पीव्हीसी असतं, ते फोटोला चिकटतं. लॅमिनेशन आणि सेलोटेप नकोच. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ३५ ते ५० टक्क्यांत राहू द्या. तीसच्या खाली गेला तर फोटो गुंडाळी होतो, पासष्टच्या वर बुरशी धरते. डबा माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. जुलैत चिकटलेले दोन फोटो ओढून सोडवायला जाऊ नका, वरचा थर फाटून दुसऱ्याला लागून येतो. कोरडे दिवस येईपर्यंत ते तसेच राहू द्या आणि मग कागद-संवर्धन करणाऱ्याला दाखवा.