वाचक विचारतात: कोंबड्यांना मर लागलीय, कोणतं औषध देऊ?

यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं कोंबड्यांचीच आहेत. उन्हाळा लागला की दरवर्षी असंच होतं, त्यामुळे गाई-म्हशीवाल्यांनी जरा थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे वीसेक गावठी कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि आठवड्याभरात एकेक कोंबडी पेंगायला लागली, हिरवट-पांढरी हगवण, दोघीतिघींची तर मान पार उलटी वळली. मेडिकलमधून पावडर आणून पाण्यातून दिली, काहीच फरक नाही. आता सहा उरल्यात, त्यांना कोणतं औषध देऊ? (वाचक भगिनी, संगमेश्वर)

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी ही राणीखेत वाटतेय, म्हणजे आपली मानमोडी. आणि स्पष्टच सांगतो, तिच्यावर औषध नाही. हा व्हायरस आहे, अँटिबायोटिकची पावडर त्याला काही करत नाही, फारतर मागून येणारं दुसरं इन्फेक्शन थांबतं. खात्री करायची असेल तर नुकतीच मेलेली एखादी कोंबडी दोन-तीन पिशव्यांत बांधून, बर्फात ठेवून जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात पोस्टमॉर्टेमला द्या, पण आधी फोन करून विचारा, कारण बर्ड फ्लूची शंका असेल तर ते स्वतःच येतात, आपण मेलेला पक्षी घेऊन एसटीत बसायचं नाही.

उरलेल्या सहांपैकी ज्या चांगलं खातायत त्या वेगळ्या ठेवा, त्यांचं दाणापाणी आधी करा, आजारींचं नंतर, आणि दोन्हीकडे एकच चप्पल घालून फिरू नका. मर बहुतेक वेळा माणसाच्या पायानं आणि बाजारातल्या कोंबडीनंच घरात येते. ती तलंग विकत घेताना टुणटुणीत दिसते, पण रोग अंगात मुरत असतो, पाच-सहा दिवसांनी बाहेर पडतो, कधीकधी पंधराही लागतात. म्हणून नवीन पक्षी आणला की दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली ठेवायचा, पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं. आणखी एक, मर लागली की लोक घाईघाईनं उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन विकतात. राग येईल पण लिहितो, तुमच्याकडे आलेल्या त्या दोन तलंगा अशाच कुणाच्या तरी खुराड्यातून आल्या असणार.

मेलेल्या कोंबड्या वहाळात टाकू नका, कुत्र्याला तर अजिबात घालू नका. तीन-चार फूट खड्डा, वर चुना, मग माती. खुराड्यातली जुनी विष्ठा-तूस काढून जाळा, भिंतींना चुना मारा आणि शेवटची मर थांबल्यावर निदान महिनाभर नवीन पिल्लं आणू नका.

पुढच्या खेपेला राणीखेतची लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा, एका डोळ्यात एक थेंब, चार आठवड्यांनी परत एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. हे इंजेक्शन लहान पिल्लाला द्यायचं नाही, त्यानंच दगावतील. लासोटाचा थेंब टाकल्यावर पिल्लानं पापणी मिटून परत उघडली की मगच ते हातातून सोडा, नाहीतर ते मान झटकतं, थेंब जमिनीवर पडतो आणि आपण म्हणतो लस दिली होती तरी मेली!

खरी अडचण मला माहितीय, कुपी येते शंभर डोसची आणि पिल्लं पंधरा. एकदा पाणी मिसळलं की दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही. यावर उपाय एकच, वाडीतल्या पाच-सहा घरांनी किंवा बचत गटानं दिवस ठरवून एकत्र लस द्यायची, पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर, कुपी थर्मासमध्ये बर्फात ठेवून. तसंही शेजारच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर येतात ना, एकट्यानं देऊन फायदा अर्धाच. दवाखान्यात लस नसेल तर मागणी लेखी द्या.

प्रश्न: लसूण-हळदीचं पाणी दिलं तर लस नको, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं का? (वाचक, वाई)

उत्तर: नाही. द्यायचं तर द्या, पण लस टाळू नका. हळद-तेल तुऱ्यावरच्या देवीच्या फोडांवर लावायला बरं, तेही फोड पुसून घेऊन. देवी डासांमुळे पसरते, त्यामुळे खुराड्याजवळचं साठलेलं पाणी आधी काढा. तिचीही लस आहे, सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पंखाच्या पातळ चामडीत टोचतात.

प्रश्न: मागे उदगीरला कावळे मेले तेव्हा सगळे घाबरले होते. आता आमच्या शेतात दोन कावळे मरून पडलेत. कोंबड्या विकून टाकू का? अंडी खायची की नाही? (वाचक, अहमदपूर)

उत्तर: दादा, विकू नका. उदगीरला जानेवारी 2025 मध्ये कावळ्यांचे नमुने भोपाळच्या लॅबमधून बर्ड फ्लू पॉझिटिव्ह आले होते, म्हणजे तुमची भीती अगदीच हवेतली नाही. पण दोन कावळे विजेच्या तारेनं किंवा विषारी दाण्यानंही मरतात, ते लॅबच सांगेल. हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 ला फोन करा. तोवर कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, पाणी-दाणा छपराखाली, कावळे-चिमण्यांना तोंड घालता येणार नाही असा.

मर लपवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबारच्या नवापुरात सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सरकार भरपाई देतं ती मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, तेव्हा उशिरा कळवलं तर नुकसान तुमचंच. निरोगी कोंबड्यांची अंडी पूर्ण उकडून खा, 70 डिग्रीच्या वर व्हायरस टिकत नाही. हाफ फ्राय सध्या बंद.

प्रश्न: आमच्या कोंबड्या खातात भरपूर पण वाळत चालल्यात, तुरा फिक्का पडलाय, अंडी बंद. दिवसा अंगावर काहीच दिसत नाही. शिवाय मुंगसानं तीन पिल्लं नेली. (वाचक भगिनी, सिन्नर)

उत्तर: दिवसा दिसणारच नाही! रात्री दहाच्या पुढे बॅटरी घेऊन खुराड्यात जा आणि फळ्यांच्या फटी, दांडीची टोकं बघा. चपट्या, राखाडी-तपकिरी गोचिडी दिसल्या तर चोर सापडला. रात्री रक्त पितात आणि उजाडायच्या आत फटीत जाऊन बसतात, पंखाखाली निळसर बारीक दाणे दिसले तर ती त्यांची पिल्लं. खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही जात नाहीत, उपाशीपोटी दोन-दोन वर्षं काढतात. फटी शेण-मातीनं लिंपा, चुना मारा, दांडी उन्हात टाका, फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा आणि मारताना कोंबड्या बाहेर काढा. राखेचा खड्डा करून द्या, त्या आपणहून लोळतात. फिक्का तुरा जंतांमुळेही होतो, त्यामुळे विष्ठा तपासून जंताचं औषध पण द्या.

मुंगसासाठी नेहमीची मोठ्या छिद्रांची जाळी कामाची नाही, अर्धा इंचाची घ्या आणि खाली फूटभर जमिनीत पुरा, नाहीतर उकरून आत येतं. विष ठेवू नका, मुंगसाला कायद्याचं संरक्षण आहे आणि बऱ्याचदा आधी मरतं ते आपलंच मांजर.

प्रश्न: औषध चालू असताना अंडी विकली तर चालतील? (वाचक, राजापूर)

उत्तर: नाही. पाकिटावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस अंडी विकायची नाहीत आणि घरातल्या पोरांनाही द्यायची नाहीत. लिहिलेलं नसेल तर ते औषधच घेऊ नका.