गिअरची गाडी शिकताना : वाचकांचे प्रश्न

गिअरची मोटार शिकण्याविषयीची पत्रे नांदेडहून येवोत की परांड्याहून, त्यांतील शंका बहुधा तीच असते आणि तिच्यामागचा ऐकीव सल्लाही तोच असतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. मी मोटार प्रशिक्षक आहे. गाडी न पाहता आणि चालवणाऱ्याच्या शेजारी न बसता जेवढे सांगता येते, तेवढेच येथे सांगितले आहे.

प्रश्न : गाडी उचलताना हमखास बंद पडते. रेस जास्त दिली तर उसळी मारते. शिकवणारे भाऊजी म्हणतात, “क्लच पटकन सोडत जा.” माझे काय चुकते? (शिक्षिका, सेलू)

चूक भाऊजींच्या सल्ल्यात आहे. क्लच पटकन सोडल्यामुळेच गाडी बंद पडते. इंजिनबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि उभी असलेली चाके यांच्या वेगातला फरक क्लचप्लेटने घसरत घसरत मिटवायचा असतो, आणि त्यासाठी तिला एक-दोन सेकंद द्यावेच लागतात. मोकळ्या, सपाट मैदानावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता सराव करावा. पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनचा आवाज किंचित दबतो, स्टिअरिंगवर बारीक थरथर जाणवते आणि गाडी पुढे सरपटण्याच्या बेतात येते. पाय तिथेच रोखावा, गाडी चालू लागू द्यावी आणि मगच क्लच पूर्ण सोडावा. डाव्या पायाला ही जागा न शोधता सापडू लागेपर्यंत रेस देण्याची घाई करू नये. सरावाला सैल चप्पल घालून बसू नये. ही जागा पेडलच्या अगदी वरच्या टोकाला किंवा अगदी तळाशी येत असेल, तर तो आपला दोष नसून गाडीचा असू शकतो. मेकॅनिककडून क्लच तपासून घ्यावा.

प्रश्न : चढावर गाडी उभी करताना हँडब्रेक पुरे की गिअरही टाकावा? (जालना)

दोन्ही, गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकामागे दगड लावला असेल, तर निघताना तो उचलून बाजूला टाकण्याइतके सौजन्य मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी दाखवावे.

प्रश्न : आमच्याकडे एका मोटार ट्रेनिंग स्कूलची जाहिरात लागली आहे : ‘दहा दिवसांत गाडी शिका, परीक्षा न देता पक्के लायसन्स घरपोच.’ प्रवेश घ्यावा का? (अंबाजोगाई)

घेऊ नये. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस पूर्ण होईपर्यंत पक्क्या परवान्याची चाचणी देताच येत नाही, हे ज्या संस्थेला ठाऊक नाही ती शिकवणार काय, आणि ठाऊक असून जी अशी जाहिरात करते तिच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी मोटारीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास दहापेक्षा कमी असून चालत नाहीत. एका गाडीत चार विद्यार्थी बसवून तासभर फिरवले, तर हजेरी तासाची लागते आणि स्टिअरिंग हाती येते पाव तास. तेव्हा आपल्या वाट्याची मिनिटे घड्याळ लावून मोजावीत.

प्रशिक्षणाच्या गाडीला प्रशिक्षकाच्या बाजूनेही पेडल असणे नियमाने बंधनकारक आहे. ही सोय आपल्या सुरक्षिततेसाठी आहे. परंतु अनेक ठिकाणी शिकवणाराच आपल्या पायाने क्लच सांभाळत राहतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला गाडी येऊ लागली. त्याने दोन्ही पाय मागे घेऊन बसावे, असे मोकळेपणाने सांगावे. चाचणीतून सूट मिळते ती २०२१ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राच्या प्रमाणपत्रावर, गल्लीतल्या कोणत्याही स्कूलच्या शब्दावर नव्हे. परिवहन कार्यालय आपल्याच गावात आहे; पैसे भरण्याआधी तेथे जाऊन त्या संस्थेची मान्यता विचारावी, आणि विचारताना एजंटाला बरोबर नेऊ नये.

प्रश्न : चाळीसगावकडे जाताना औट्रम घाट उतरायला लागला की माझे मामा गाडी न्यूट्रल करतात, कधी कधी इंजिनही बंद करतात. “उताराला डिझेल कशाला जाळायचे?” असे त्यांचे म्हणणे. मी नुकताच शिकलो आहे. मीही तसेच करावे का? (कन्नड)

नाही. हा प्रश्न ज्या ज्या वेळी येतो, त्या त्या वेळी मी त्याला सविस्तर उत्तर देतो, कारण पेडल घट्ट दाबूनही गाडी थांबत नाही हा अनुभव कोणत्याही शिकाऊ चालकाला येऊ नये असे मला मनापासून वाटते.

आधी डिझेलचा हिशेब. कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या काळात मामांच्या म्हणण्याला थोडाफार आधार होता. आजच्या गाड्यांत इंधन किती सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकेच इंजिनला फिरवत राहतात, आणि फेरे अगदी खाली येईपर्यंत ही यंत्रणा इंधन तोडून टाकते. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनचा संबंधच उरत नाही, म्हणून इंजिन बंद पडू नये यासाठी तिला इंधन सोडत राहावे लागते. म्हणजे ज्या बचतीसाठी हा खटाटोप, ती होते गिअरमध्येच.

आता जिवाचा हिशेब. गिअरमध्ये असलेले इंजिन उतारावर गाडीला मागे ओढून धरते. ही ओढ सोडून देणे म्हणजे बैल उधळण्याच्या बेतात असताना कासरा हातातून टाकणे आहे. मग गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, त्याच्या पॅडची पकड कमी होते, आणि उष्णता फारच वाढली तर ब्रेक ऑइलला उकळी फुटून त्यात बुडबुडे धरतात. बुडबुडा दबतो, द्रव दबत नाही. त्यामुळे पेडल मऊ लागून तळाला जाते आणि चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणजे ज्या गाडीचे ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नाही, तिच्यावर ही वेळ लवकर येते. घाटात जायचे असेल, तर त्याआधी गॅरेजमध्ये जाऊन हे ऑइल तपासून घ्यावे.

इंजिन बंद करणे तर याहून घातक. ब्रेकला पायाच्या जोरापलीकडे जी मदत मिळते, ती इंजिन चालू असतानाच्या निर्वाताची असते. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत साठलेला निर्वात पुरतो, आणि त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड पडते. आणि चालत्या गाडीत कोणी किल्ली काढलीच, तर अनेक गाड्यांचे स्टिअरिंग कुलूपबंद होते. पुढे वळण असेल तर काय होईल, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा असे करावे. जो चढ ज्या गिअरवर चढता आला असता, तो त्याच गिअरवर, किंवा वाटल्यास आणखी एक गिअर खाली येऊन उतरावा. बहुतेक वेळा तो दुसरा किंवा तिसरा असतो. हा गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा, मध्यावर वेग वाढल्यानंतर नव्हे. क्लच दाबून उतरणे म्हणजे न्यूट्रलच, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रेक सतत टेकवून ठेवण्याऐवजी थोडा वेळ ठाम दाबून वेग उतरवावा आणि सोडावा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत, आणि तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतण्याचा शहाणपणा करू नये. मंजरसुंब्याच्या घाटातही हेच लागू. पहिल्यांदा घाट उतरताना शेजारी अनुभवी प्रशिक्षक असावा. तो मामा नसावा.

प्रश्न : पाऊस झाला की शेताच्या वाटेवर गाडी चिखलात रुतते. पहिल्या गिअरवर जोरात रेस दिली की चाके जागीच फिरतात आणि जळका वास येतो. (शेतकरी, गंगाखेड)

तो वास बहुधा क्लचप्लेटचा आहे, आणि तो येत असताना रेस देत राहणे म्हणजे खर्च वाढवणे. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होते. मग जितकी रेस जास्त, तितका खड्डा खोल. पुढच्या चाकांसमोरची माती फावड्याने काढावी, कारण बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्या चाकांखाली बारदाना टाकावा. तुराट्या हाताशी असतात खऱ्या, पण त्यांची टोके टायरच्या बाजूत घुसतात. मग दुसऱ्या गिअरवर, हाफ क्लच (अर्धवट सोडलेला क्लच) कमीत कमी वेळ ठेवून, हलकेच गाडी उचलावी. दोन प्रयत्नांत निघाली नाही, तर ट्रॅक्टर बोलवावा आणि दोर बंपरला न बांधता गाडीबरोबर आलेल्या हुकालाच बांधावा. एवढे झाल्यावर क्लच एकदा तपासून घेणे बरे.

प्रश्न : गाडी जेमतेम चौदा हजार किलोमीटर चालली आहे आणि वर्कशॉपने पूर्ण क्लचसेट बदलायला सांगितले. फसवणूक आहे का? (नांदेड)

असेलही, नसेलही. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये असताना रेस दिल्यावर इंजिनचे फेरे एकदम वाढतात आणि गाडीचा वेग मात्र वाढत नाही, असे होत असेल तर प्लेट खरोखरच घसरते आहे. तसे नसेल, तर दुसऱ्या मेकॅनिकचे मत घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलण्याचा सल्ला मात्र सरसकट लबाडीचा नसतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा पडू नये, हा त्यामागचा विचार रास्त आहे. जुने सुटे भाग आपल्यासमोर काढून दाखवावेत आणि परत द्यावेत, असे आधीच सांगावे. एवढे म्हटल्यावर काही वर्कशॉपचे निदान बदलते, असा अनुभव आहे. नव्या प्लेटचेही तेच व्हायचे नसेल, तर गाडी चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय आहे का, हे शेजारी बसणाऱ्याला पाहायला सांगावे. आपले आपल्याला ते कळत नाही.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, उंचीने माझ्याएवढा. शिवेच्या रस्त्यावर शिकवले तर चालते ना? (गेवराई)

चालत नाही. उंचीने परवाना मिळत नाही. मोटारीसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि लोकांची ये-जा असलेला शिवरस्ता कायद्याने सार्वजनिकच ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दोन वर्षे थांबावे.

प्रश्न : उसाच्या ट्रॅक्टरमागे तिसऱ्या गिअरवर गाडी ठोके घेते. (माजलगाव)

दुसरा टाका. गाडीचे ठोके म्हणजे गिअर खाली घेण्याची मागणी आहे, रेस वाढवण्याची नव्हे. रात्री दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे टाकण्याचा सराव शिकाऊ परवान्यावर करू नये. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच, याची खात्री नसते आणि बाहेर आलेला ऊस तर दिसतच नाही.

प्रश्न : वय ५८, डावा गुडघा दुखतो. गिअरची गाडी शिकू की ऑटोमॅटिक घेऊ? परवाना वेगळा लागतो का? (निवृत्त कर्मचारी, औसा)

परवाना वेगळा लागत नाही. गुडघ्याचे उत्तर अस्थिरोगतज्ज्ञ देतील, मी नव्हे, आणि गाडीचा विक्रेता तर नव्हेच. तुमच्या वयात परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच, तेव्हा डॉक्टरांकडे जाणारच आहात. क्लच दिवसभरात शेकडो वेळा दाबावा लागतो, हे त्यांना सांगून विचारावे, त्याच फेरीत डोळेही तपासून घ्यावेत, आणि त्यांचे मत मिळेपर्यंत गाडीच्या बुकिंगचे पैसे भरू नयेत.