खून, ज्युरी आणि मतदारयादी

अमेरिकेतील वर्णद्वेषी हिंसाचार आणि नागरी हक्कांच्या लढ्यावरील लेखमालेनंतर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना ही उत्तरे.

प्रश्न : एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे मारेकरी निर्दोष सुटले आणि नंतर त्यांनीच कबुली दिली, असे वाचले. मग पुन्हा खटला का भरला नाही? (सांगली)

उत्तर : एकदा निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. अमेरिकेच्या घटनेतली पाचवी दुरुस्ती तसे सांगते, आणि आपल्या घटनेच्या कलम २० मध्येही शिक्षेबाबत याच धर्तीची तरतूद आहे. जानेवारी १९५६ मध्ये सुटलेल्या दोघा आरोपींनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला सगळी हकीकत सांगितली, ती या भरवशावरच.

पण खरा प्रश्न आधीचा आहे : ते सुटलेच कसे? ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात हा खून झाला, सप्टेंबरमध्ये खटला चालला. मुलाचे वयस्क नातलग मोझ राइट यांनी भर कोर्टात उभे राहून आरोपींकडे बोट दाखवले. त्या काळात, त्या गावात, कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याविरुद्ध अशी साक्ष देणे म्हणजे जीव पणाला लावणेच होते. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, ६७ मिनिटांत आरोपींना सोडले.

त्या ज्युरीत १२ गोरे पुरुष होते. तिथे ज्युरर, म्हणजे ज्युरीचे सदस्य, मतदारयादीतून निवडत. खटला चालला त्या टॅलाहॅची काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कृष्णवर्णीयांची वस्ती निम्म्याहून जास्त, पण मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते. स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत राज्याच्या कोर्टातल्या ज्युरीत जागाच नव्हती. यादीत नाव नाही म्हणून ज्युरीत माणूस नाही, आणि ज्युरीत माणूस नाही म्हणून मारेकऱ्याला धाक नाही. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तोही निवडून येणारा. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी तो कशाला धावेल? मतदार नोंदणीसाठी लोक जिवावर का उदार झाले, हे इथे कळते.

प्रश्न : १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला बंदी होती ना? मग अडवत कसे होते? (नाशिक)

उत्तर : कायद्यात ‘काळा’ हा शब्द न वापरता. मिसिसिपीचीच पद्धत पाहा. नोंदणीसाठी काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत स्वतः जावे लागे. तिथे २१ प्रश्नांचा अर्ज मिळे. नाव-गाव, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि मालक कोण, हेही लिहायचे. मग नोंदणी अधिकारी मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या घटनेतले एखादे कलम काढून देई. ते जसेच्या तसे उतरवायचे आणि खाली स्वतःच्या शब्दांत अर्थ लिहायचा. शेवटी नागरिकाची कर्तव्ये लिहायची.

या घटनेत कलमे २८० हून जास्त. कोणते द्यायचे हे अधिकारी ठरवणार. गोऱ्या अर्जदाराला एका ओळीचे सोपे कलम आणि कृष्णवर्णीय शिक्षकाला करआकारणीचे किचकट कलम, असे सर्रास चाले. उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवी, आणि नापास का केले ते सांगण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. एखादी तारीख राहिली किंवा सही चुकीच्या ओळीवर झाली, तरी अर्ज बाद.

१९६२ पासून अर्जदारांची नावे दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापू लागले. सर्वांत क्रूर भाग आम्हाला हाच वाटतो. मळ्याच्या मालकाला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि रात्री गोळ्या झाडणाऱ्यांनाही नावांची यादी घरपोच मिळे. फॅनी लू हेमर ऑगस्ट १९६२ मध्ये इंडियानोला गावी अर्ज भरायला गेल्या. १८ वर्षे ज्या मळ्यावर त्या राबल्या होत्या, तिथून त्यांना त्याच दिवशी काढून टाकले. पुढे जानेवारी १९६३ मध्ये त्या चाचणी उत्तीर्ण झाल्या, तरी मत देता आले नाही, कारण पोल टॅक्स, म्हणजे मतदानासाठी भरावा लागणारा कर, भरल्याच्या दोन वर्षांच्या पावत्या हव्या होत्या! हा कर वर्षाला दोन डॉलर, आणि कापूस वेचणाऱ्याच्या हाती पैसा येई तो हंगामापुरता.

अलाबामातल्या सेल्मा गावात नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडे. शिवाय आधीच नोंदलेल्या मतदाराने ओळख पटवावी, अशी अट. जिथे नोंदलेले कृष्णवर्णीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे ओळख पटवणार कोण?

प्रश्न : केंद्र सरकार खुनाचे खटले स्वतः का चालवत नव्हते? (पुणे)

उत्तर : तिथे सर्वसाधारण खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा. राज्य गप्प बसले, तर तेव्हा केंद्राच्या हाती नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचे कलम उरे. जून १९६४ मध्ये मिसिसिपीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांना मारून मातीच्या बंधाऱ्यात पुरले. राज्याने तेव्हा खुनाचा गुन्हा दाखल केला नाही. केंद्राने कटाचा खटला भरला, १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, आणि सर्वांत मोठी शिक्षा होती १० वर्षे. तीन खुनांना! झुंडबळीविरोधी केंद्रीय कायद्याचे विधेयक १९२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अडवले गेले. तो कायदा मार्च २०२२ मध्ये झाला आणि त्याला एमेट टिलचे नाव आहे.

प्रश्न : १९६५ च्या मताधिकार कायद्याने नेमके काय बदलले? तो आजही आहे का? (ठाणे)

उत्तर : ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने झोडपले. ते दृश्य टीव्हीवर दिसले, आणि ६ ऑगस्टला कायद्यावर सही झाली. जिथे नोंदणीसाठी अशा चाचण्या होत्या आणि १९६४ मध्ये निम्म्याहून कमी प्रौढांची नोंदणी किंवा मतदान झाले होते, तिथल्या चाचण्या थांबवल्या आणि केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी पाठवता येऊ लागले. त्याहून महत्त्वाचे पाचवे कलम. अशा ठिकाणी निवडणुकीचा कोणताही नियम, अगदी मतदान केंद्राची जागासुद्धा, बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची. बदल भेदभावाचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्यावर. पूर्वी उलट होते : एक नियम कोर्टात पाडायला वर्षे जात आणि तोवर राज्य दुसरा काढी. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना हे लागू होईल ते ठरवणारे सूत्रच रद्द केले. पाचवे कलम पुस्तकात राहिले, पण ते कोणालाच लागू होईना. त्याच दिवशी टेक्सासने मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचे करणारा, अडवून ठेवलेला कायदा अमलात आणण्याची घोषणा केली.

प्रश्न : डॉ. आंबेडकरांचा या लढ्याशी संबंध आला होता का? (नागपूर)

उत्तर : थेट पत्रव्यवहाराचा. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा, असा विचार त्यामागे होता. डू बॉईस यांचे उत्तर जुलैअखेर आले.

प्रश्न : आता तरी ज्युरी मिश्र असते का? (कोल्हापूर)

उत्तर : यादी मिश्र असते, बसणारे बारा जण नेहमी तसे नसतात. दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही ज्युरर कारण न देता वगळता येतात, आणि फिर्यादी पक्षाने हा हक्क कृष्णवर्णीयांना गाळण्यासाठी अनेकदा वापरला. १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून वगळायला मनाई केली. पण ‘नजर चुकवली’, ‘उत्तर तुटक दिले’ अशी कारणे पुढे करता येतात आणि न्यायाधीशाने ती मानली की संपले. जॉर्जियात २०२० मध्ये धावायला निघालेल्या कृष्णवर्णीय अहमद आर्बेरीला तिघा गोऱ्यांनी पाठलाग करून मारले. पहिली अटक व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, तीही चित्रफीत बाहेर आल्यावर. त्या खटल्याच्या ज्युरीत ११ गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता. आरोपींच्या वकिलांनी केलेल्या वगळणीत भेदभाव दिसतो, असे न्यायाधीशांनी स्वतः म्हटले, तरी दिलेली कारणे कायद्याला पुरतात म्हणून ज्युरी तशीच राहिली. त्याच ज्युरीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांनाही खुनाबद्दल दोषी ठरवले.