माळ्यावरचे दिवे: कशात तेल, कशात बल्ब

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरजवळ समुद्राला लागून चिरेबंदी घर, आणि माळ्यावर सापडलेल्या दोन समया, एक लामणदिवा, काचेची हंडी, दोन कंदील, एक गॅसबत्ती. यातलं काय कुठे लावावं, कशात बल्ब बसवावा, आणि घासलेलं पितळ आठवड्याभरात पुन्हा हिरवं का होतं?

बल्बचं आधी सांगतो, कारण तिथे केलेली चूक मागे घेता येत नाही. समई आणि लामणदिव्याला भोक पाडून वायर ओवू नका. हे दिवे उघड्या ज्योतीसाठी घडवलेले आहेत. त्यांत बल्ब उपराच दिसतो, आणि एकदा भोक पडलं की पुन्हा तेल घालायची सोय राहत नाही. हंडी आणि कंदिलाचं तसं नाही. तिथे उजेड मुळातच काचेआडून यायचा, त्यामुळे आत ज्योतीऐवजी बल्ब असला तरी रूप बिघडत नाही.

आता पितळ. ते खरोखर पितळ आहे का हे लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. असा दिवा जोरात घासू नका, मुलामा उडाला की खाऱ्या हवेत गंज लगेच धरतो. अस्सल पितळ हिरवं पडतं ते हवेतल्या मिठामुळे आणि दमटपणामुळे, पण बऱ्याचदा आपणच त्याला मदत करतो. लिंबू-मीठ लावून घासलं आणि नुसतं खळबळून ठेवलं, की कोरीव कामाच्या खाचांत मीठ आणि आंबट दोन्ही उरतं. हिरवा बुरा नेमका तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा चिंचेचा कोळ किंवा आमटीतून काढलेली आमसुलं वापरा. आमटीत मीठ असतंच, म्हणून ती आधी धुऊन घ्या. दहा मिनिटांत काम आटपून दिवा तीन पाण्यांनी धुवा, खाचांत जुना टूथब्रश फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर उन्हात ठेवा. नुसता शोभेचा दिवा असेल तर वर मेणाचा पातळ हात द्या. पारदर्शक लॅकर फक्त न पेटवायच्या वस्तूंना, ज्योतीजवळ तो जळून काळा पडतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. त्याने पितळातलं जस्त निघून जातं आणि दिवा तांबूस-गुलाबी दिसू लागतो. तो रंग मग घासून जात नाही.

समयांवर चिकट काळा थर असेल तर ते जुनं जळकं तेल. रॉकेल यायच्या आधी कोकणात दिव्यांना उंडीचं आणि करंजाचं तेल असायचं. उंडी तर किनाऱ्यालाच वाढते. हे तेल दाट, उग्र वासाचं आणि धूर करणारं. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून दिवा अर्धा तास बुडवून ठेवा, थर सुटतो. चुलीवर भाजून काढायच्या फंदात पडू नका, जुने सांधे झाळलेले असतात आणि झाळ वितळते.

समईचे आटे अडकले असतील तर सांध्यावर रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी फडकं गुंडाळून हातानेच फिरवा. पक्कड लावली की आटे चेपलेच. झिजलेल्या आट्यांमुळे समई डुलत असेल तर टेफ्लॉन टेपचे दोन फेरे पुरतात.

समई गळते अशी तक्रार नेहमीच येते. बहुतेक वेळा समई चांगली असते आणि वात चुकलेली असते. वातीचं टोक चोचीबाहेर लोंबलं की तेल वातीतून चढून बाहेर ठिबकत राहतं. टोक चोचीच्या कडेला टेकेल इतकंच ठेवा, फार तर दोन-तीन मिलिमीटर पुढे. काजळीही त्याने कमी धरते. खाली ताटली हवीच, कोब्यावरचा तेलाचा डाग सहजी निघत नाही. पावसाळ्यात वाती तडतडतात त्या ओलीमुळे. त्यांना ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजू लागतं, म्हणून थंडीतल्या पहाटे समईत तिळाचं तेल बरं.

लामणदिवा आणि हंडी टांगताना कडी तुळईतच घट्ट बसवा, फळीत नाही. ऐन किंवा सागाचं लाकूड चिवट असतं. ८ मिलिमीटरच्या कडीसाठी आधी ६ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर कडी अर्ध्यातच तुटते. कडी स्टेनलेसची घ्या, समुद्राजवळ ३१६ प्रतीची. लोखंडी कडीत पितळी साखळी अडकवली की खाऱ्या हवेत लोखंड आणखी लवकर खातं, आणि ते लाकडाच्या आत खातं म्हणून दिसत नाही. दिवा लावण्याआधी त्या कडीला दहा लिटर पाण्याची बादली रात्रभर टांगून बघा. ज्योत आणि वरचं लाकूड यांत किमान तीन फूट अंतर ठेवा. झोपाळ्याच्या झोक्याच्या टप्प्यात लामणदिवा येऊ नये, हे सांगायला नको खरं तर, पण ओटीवर नेमका तिथेच टांगलेला दिसतो!

हंडीबरोबर घंटेसारखी छोटी काच असायची. ती शोभेची नव्हे, ज्योतीच्या वर टांगून धूर अडवायला. ती फुटकी समजून टाकून दिली जाते, तेव्हा माळ्यावर पुन्हा एकदा बघा. हंडी पूर्वीसारखी लावायची असेल तर आतल्या पेल्यात दोन भाग पाणी, वर एक भाग तेल, आणि बुचाच्या चकतीवर तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते, शिवाय पाण्यामुळे पेला तापत नाही. बल्ब लावायचा तर ४ वॅटचा फिलामेंट एलईडी, २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळट उजेडाचा. निळ्या काचेतून पिवळट उजेड फारसा बाहेर येत नाही, तिथे ६ वॅट घ्या. पितळी कडं आणि काच यांच्यामध्ये फेल्टची पट्टी हवी. खिडक्या उघड्या असल्या की वाऱ्याने कडं काचेवर आपटतं आणि काठाला चीर जाते.

कंदिलाचा पत्रा खारी हवा सोसत नाही, आणि वायरीचं आवरण त्या पत्र्याच्या धारेला घासतं. म्हणून तिथे २३० व्होल्ट नेऊच नका. १२ व्होल्टचा अडॅप्टर बोर्डाजवळ ठेवा आणि तिथून बारीक वायर आणा. हंडीला मात्र सरळ वीज दिलीत तर अर्थिंगसह तीन कोरची वायर आणि ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा.

एक कंदील पेटता ठेवायचा असेल तर त्याच्या बाजूच्या दोन नळ्या तपासा. रॉकेलचा दिवा १८५३ मध्ये लुकासिएविच या पोलिश औषधविक्रेत्याने ल्विव्हमध्ये (आजच्या युक्रेनमध्ये) केला, पण वाऱ्यात टिकणारा आजचा कंदील १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन अर्विनच्या युक्तीतून आला: वरून घेतलेली ताजी हवा त्या नळ्यांतून बर्नरखाली उतरते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कंदिलात कुंभारमाशी तिथेच मातीचं घर करते. मग वात बदलली, काच पुसली, तरी ज्योत लाल आणि धुरकटच. सायकलच्या ब्रेकची तार घालून माती फोडा. वातीचे कोपरे किंचित गोल कापा, टाकी पाऊणच भरा. बुडावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर माल १९४९ ते १९९० मधला आहे, ‘शंभर वर्षांचा’ म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका.

जांभा उजेड गिळतो. म्हणून एका खोलीत पाच दिवे टांगण्यापेक्षा हंडी माजघरात एकटी ठेवा, तिच्यामागची भिंत चुन्याने पांढरी करून घ्या. समया देवघरात. देवळीत पणती ठेवायची तर ज्योतीवर सहा इंच मोकळे हवेत, नाहीतर वरच्या चिऱ्यावर काजळी बसते.

गॅसबत्ती पेटवायच्या भानगडीत पडू नका, फडताळावर ठेवा. जुनी टाकी दाब कितपत सोसेल याचा भरवसा नसतो. तिचं मँटल (ज्योतीवरची जाळीदार पिशवी) शिल्लक असेल तर त्यात बहुधा थोरियम असतं, जे थोडंसं किरणोत्सर्गी आहे. ते चुरगळू किंवा फुंकू नका. ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून टाका, आणि हात धुवा.