उमेदवाराचा सल्लागार आणि प्रेक्षकांचा विश्लेषक

राजकीय सल्लागार आणि दूरचित्रवाणीवरील विश्लेषक या दोन व्यवसायांविषयी नागपूर आणि परिसरातून इतकी पत्रे आली आहेत की या अंकातील वाचकांच्या प्रश्नांचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम. ए. करत आहे आणि मागील दोन निवडणुकांत एका पक्षाच्या बूथवर काम केले आहे. प्रशांत किशोर यांच्यासारखा राजकीय सल्लागार होण्याची इच्छा आहे. त्यासाठी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागेल का? सुरुवात नेमकी कोठून करावी? – एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : दिल्लीला जाण्याची घाई करू नका. या व्यवसायात स्थानिक माणसाला मोल मिळते ते त्याच्या गावाच्या बारीक माहितीमुळे, आणि ती माहिती नागपुरातच राहून, चिकाटीने आणि जवळजवळ विनाखर्च मिळवता येते. लोकसभेच्या नागपूर मतदारसंघात नितीन गडकरी २०१४ साली सुमारे २ लाख ८४ हजार, २०१९ साली सुमारे २ लाख १६ हजार आणि २०२४ साली सुमारे १ लाख ३७ हजार मतांनी निवडून आले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हे मताधिक्य शहरातील सहापैकी कोणत्या विधानसभा क्षेत्रात, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या मतदान केंद्रावर कमी झाले, हे कागद पुढे ठेवून सांगणारी माणसे मात्र फार थोडी असतात आणि उमेदवार शोधात असतो तो अशाच माणसाच्या.

तो कागद म्हणजे ‘फॉर्म २०’. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याचा हा अधिकृत तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. एकच विधानसभा मतदारसंघ निवडा, २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा आणि केंद्रागणिक बदल टिपा. केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी दर निवडणुकीत थोड्याफार बदलत असल्यामुळे केवळ क्रमांक जुळवून तुलना करू नये. मतदार यादीचा भाग उघडून त्यातील मोहल्ला, ले-आउट आणि गल्ली पाहून जुळणी करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते केलेला माणूस लगेच ओळखू येतो.

महापालिकेचे गणित याहून वेगळे असते. २०१७ च्या निवडणुकीत नागपूर महापालिकेच्या १५१ जागा ३८ प्रभागांत विभागलेल्या होत्या. एक प्रभाग सोडला तर प्रत्येक प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे होते आणि मतदाराला अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत होते. भाजपने त्यातील १०८ जागा जिंकल्या. अशा पद्धतीत एकाच पक्षाच्या चार उमेदवारांना मिळालेल्या मतांत जो फरक पडतो, त्यातून बंडखोरी, आरक्षणाच्या जागेवरील नाराजी आणि एखाद्या नगरसेवकाचे वैयक्तिक वजन या तिन्ही गोष्टी उलगडतात. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु त्यासाठी विधानसभेचीच मतदार यादी प्रभागनिहाय विभागली जाते, आणि या विभागणीत शेजारच्या प्रभागात जाऊन पडलेली नावे हा दर वेळचा तक्रारीचा विषय असतो. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळणारे मोजके दिवस न दवडता अशी नावे शोधून, मुदतीत अर्ज भरून देणे, ही नवख्या सल्लागाराने उमेदवाराची करावयाची पहिली खरी सेवा आहे, असे माझे ठाम मत आहे. घोषणा आणि चित्रफिती नंतर सुचतात.

आकड्यांच्या जोडीला वस्तीचा इतिहास हवा. मध्य नागपुरातील हलबा समाजाचे राजकीय वर्तन समजून घ्यायचे, तर २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी समाजाला ‘हलबा’ या अनुसूचित जमातीत धरता येणार नाही असा निकाल दिल्यावर किती घरांतील नोकऱ्या आणि जातवैधता प्रमाणपत्रे अडचणीत आली, हे माहीत असावे लागते. उत्तर नागपूर हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तेथील मतदाराशी बोलताना १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घडत गेलेली राजकीय जाण ज्याने अभ्यासलेली नाही, तो इंदोऱ्यात पाच मिनिटांत उघडा पडतो. पूर्व नागपुरात हिंदीभाषक आणि छत्तीसगढी वस्त्यांत सभा कोणत्या भाषेत घ्यावी, हा निर्णयही सल्लागाराचाच असतो. त्याचबरोबर विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याचा प्रश्न, १९८४ साली तो मोजून अहवाल देणाऱ्या दांडेकर समितीपासून ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपलेल्या विदर्भ विकास मंडळापर्यंत, मुळातून वाचावा. तो न वाचता विदर्भाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत आणखी एकाची भर नको.

प्रशांत किशोर यांच्याविषयी थोडेसे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातून ते या कामात आले. २०१४ ची लोकसभा, २०१५ चे बिहार आणि २०२१ चा पश्चिम बंगाल या निवडणुकांतील कामामुळे ते देशभर परिचित झाले. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी स्वतःचा पक्ष स्थापन केला आणि २०२५ च्या बिहार विधानसभेत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. तुम्हाला सल्लागार व्हायचे आहे की नेता, हे स्वतःशी आधीच ठरवा, कारण दुसऱ्यासाठी मोहीम आखण्याचे कौशल्य आणि लोकांनी आपल्याला स्वीकारणे या गोष्टींचा मार्ग एक नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने मिहानमधील आयटी कंपनीतील नोकरी सोडून एका इच्छुक उमेदवाराच्या वॉर रूममध्ये काम धरले आहे. या कामात पोट भरते का? पैसे बुडतात असे ऐकतो. – एक वडील, महाल

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. हे उत्पन्न हंगामी असते आणि निकाल विरोधात गेला की थकलेली रक्कम वसूल होणे फार कठीण होते. म्हणून कामाचा लेखी करार, सुरुवातीला ठरावीक आगाऊ रक्कम आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग मतदानाच्या दिवसाआधी, एवढे तरी चिरंजीवांनी ठरवून घ्यावे. दोन निवडणुकांच्या मधल्या काळासाठी सर्वेक्षण, प्रशिक्षण किंवा लेखन असे दुसरे काम हाताशी हवेच.

करार करणारा पक्ष आहे की उमेदवार, हेही पाहावे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये इतकीच खर्चमर्यादा आहे. उमेदवारासाठी केलेल्या कामाचे शुल्क त्याच्या निवडणूक खर्चात दाखवावे लागते, आणि निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब सादर न करणाऱ्या उमेदवाराला भारत निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्यामुळे ‘बिल नको, रोख घे’ असा आग्रह होतो. चिरंजीवांनी तो मानू नये. १० हजार रुपयांहून अधिकचे देणे उमेदवाराने बँकेमार्फतच द्यावे असा नियम आहे, व्यावसायिक शुल्कातून कापलेला टीडीएस विवरणपत्रात दिसतो, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. ज्याचे बिल आहे त्याचेच थकलेले पैसे मागता येतात. मुलाला घरातून विरोध करण्यापेक्षा त्याचे करारपत्र आपण स्वतः एकदा वाचावे, असे सुचवतो.

प्रश्न : मी गेली काही वर्षे स्थानिक वाहिन्यांवर ‘राजकीय विश्लेषक’ म्हणून चर्चेत सहभागी होते. एका उमेदवाराने प्रचाराचे मुद्दे आणि भाषणे लिहून देण्याचे काम मला देऊ केले आहे. वाहिनीला हे सांगितलेले नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करण्यात काही गैर आहे का? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : होय, गैर आहे. ताई, तुम्ही हे विचारले याचा अर्थ तुमच्या मनालाही ते पटलेले नाही.

हा पेच निर्माण कसा होतो ते आधी पाहू. स्थानिक चर्चांमध्ये मानधन बहुधा नाममात्र असते किंवा नसतेच. पडद्यावरील ओळख मिळते आणि त्या ओळखीवर सल्लागाराची कामे मिळतात. म्हणजे विश्लेषण ही जाहिरात आणि सल्ला हा धंदा, अशी या व्यवसायाची रचनाच होऊन बसली आहे. त्यात सगळेच लबाड आहेत असे मुळीच नाही. परंतु सायंकाळी सात वाजता टीव्ही लावणारा सक्करदऱ्यातील माणूस ‘राजकीय विश्लेषक’ ही पाटी वाचतो आणि समोरची व्यक्ती कोणाचीही बाजू न घेता बोलते आहे असे गृहीत धरून तिचे मत आपल्या मतात मिसळतो. ज्या उमेदवाराची भाषणे तुम्ही दुपारी लिहिली, त्याच्याच मतदारसंघात ‘वातावरण बदलते आहे’ असे तुम्ही सायंकाळी म्हणालात, तर ते वाक्य खरे असले तरी प्रेक्षकाची फसवणूक झालेली असते, कारण ते कोणाच्या पैशाने उभे आहे हे त्याच्यापासून दडवलेले असते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न महाराष्ट्रात आणि देशभर गाजला, भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यावर २०१० साली अहवाल दिला, आणि आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती अशा मजकुरावर लक्ष ठेवते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही. चर्चेतील सहभागी व्यक्तींची मतेही कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला अनुकूल ठरू नयेत, असे निवडणूक आयोग वाहिन्यांना स्पष्टपणे बजावत आला आहे. उमेदवाराकडून शुल्क घेणारी व्यक्ती त्या ४८ तासांत चर्चेला बसली, तर ती स्वतःबरोबर वाहिनीलाही अडचणीत आणते.

मग करावे काय? काम स्वीकारायचे असेल तर वाहिनीच्या संपादकांना लेखी कळवा, निकाल लागेपर्यंत त्या मतदारसंघावरील कोणत्याही चर्चेत बसू नका, आणि अन्य विषयांवर बोलताना तुमच्या नावाखाली ‘विश्लेषक’ ऐवजी ‘राजकीय सल्लागार’ अशी पाटी लावण्याचा आग्रह तुम्हीच धरा. संपादक म्हणतील की एवढे कोण पाहते. पाहणारे पाहतात. धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात सकाळी पत्रकार परिषदेला कोण कोणाबरोबर आले होते, हे या शहरात सायंकाळपर्यंत सर्वांना कळलेले असते आणि एकदा गेलेला विश्वास पुढच्या निवडणुकीत मागून मिळत नाही.

दोन्हींपैकी एकच निवडायचे झाले, तर तुमच्या पत्रातील भाषा पाहून मी विश्लेषणाच्या बाजूने कौल देईन. नागपूरला चांगल्या विश्लेषकांची गरज फार आहे. हिवाळी अधिवेशन आले की मुंबईहून वाहिन्यांच्या गाड्या विधानभवनासमोर उभ्या राहतात आणि दिवसभर कोण कोणावर काय बोलले एवढेच दाखवले जाते. त्याच अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाव्यतिरिक्त जादा खर्चाचे प्रस्ताव, मांडल्या जातात. त्यांतील विदर्भाच्या वाट्याचे आकडे वाचून, यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या मोर्चांच्या मागण्यांशी ते ताडून, आठ-दहा मिनिटे सरळ मराठीत समजावून सांगणारी व्यक्ती मला पडद्यावर क्वचितच दिसते. ते काम तुम्ही करा.

प्रश्न : विश्लेषकांचे अंदाज वारंवार चुकतात. सामान्य प्रेक्षकाने कोणावर विश्वास ठेवावा? – एक निवृत्त शिक्षक, हिंगणा मार्ग

उत्तर : गुरुजी, अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला राज्यातील ४८ पैकी ३० आणि विदर्भातील १० पैकी ७ जागा मिळाल्या. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला झालेल्या विधानसभेच्या मतदानात महायुतीतील तीन प्रमुख पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. इतक्या थोड्या महिन्यांत कौल एवढा फिरेल असे छातीठोकपणे सांगणारे फारसे कोणी नव्हते. दोष असतो तो अंदाज कशावरून बांधला हे न सांगण्यात.

सर्वेक्षण कोणी केले, त्याचा खर्च कोणी दिला, किती लोकांना आणि कोणत्या पद्धतीने निवडून विचारले, चुकीची शक्यता किती, ही माहिती मतदानपूर्व सर्वेक्षणासोबत छापावी असे वृत्तपत्र परिषदेचे मार्गदर्शक तत्त्व आहे. तीच मोजपट्टी आपण पडद्यावरील विश्लेषकालाही लावावी. मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास उलटेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांना कलम १२६ अ नुसार बंदी आहे, म्हणून त्या काळात ‘आतली आकडेवारी’ म्हणून फिरणाऱ्या संदेशांकडे मुळीच लक्ष देऊ नये. एखादा विश्लेषक एखाद्या उमेदवाराचे काम करत असल्याचे आपल्याला खात्रीने माहीत असेल, तर आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच देणे आणि १५ दिवसांत निर्णय कळवणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे दाद मागता येते. आचारसंहितेच्या काळात हीच तक्रार जिल्हा निवडणूक कार्यालयातील माध्यम समितीकडेही द्यावी आणि अर्जासोबत कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि बोललेले नेमके वाक्य लिहून जोडावे.