तेवीस जणींची आधार कार्डं

प्रश्न : ताई, आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. भजनी मंडळाचा हिशेब मी त्यावरच ठेवते. यंदा शेगाव-पंढरपूर यात्रेचं बुकिंग माझ्याकडे होतं, म्हणून २३ जणींनी आधार कार्डांचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. ते कॉम्प्युटरवर उतरवून मी प्रिंट काढल्या. मुलगा अकरावीत आहे. गाणी आणि गेम मिळवायला त्याने एक फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, शिवाय टॉरेंटचंही. सुट्टीत आलेला भाचा ते बघून म्हणाला, "मावशी, हे आधी काढ." मुलगा म्हणतो, अँटीव्हायरस आहे, काही होत नाही. खरं काय?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी उठून त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा आणि मग पुढचं वाचा.

व्हॉट्सअॅप ब्राउझरमध्ये उघडून फोटो उतरवला की तो बहुतेक वेळा 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. मुलाची गाणीही तिथेच उतरत असणार. अशा सॉफ्टवेअरमध्ये घेणाऱ्याने द्यायचंही असतं. ज्याच्याकडे देण्यासारखं जास्त, त्याला इतरांकडून लवकर मिळतं. म्हणून मुलं पटकन सबंध फोल्डरच शेअर करून मोकळी होतात. त्यात गाण्यांच्या शेजारी तुमच्या मैत्रिणींची कार्डं आहेत, हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. सॉफ्टवेअर उघडून सेटिंगमध्ये शेअर केलेल्या फोल्डरांची यादी मुलाला तुमच्यासमोर दाखवायला सांगा. तिथे 'डाउनलोड्स' किंवा सबंध 'डी' ड्राइव्ह दिसला, तर ती कार्डं आजवर कोणालाही उतरवून घेता येत होती असं समजा.

अँटीव्हायरस यात उपयोगी पडत नाही. तो आत शिरणाऱ्या वाईट फाइली पकडतो. आधार कार्डाचा फोटो त्याच्या लेखी एक साधं चित्र आहे. तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या, तुम्हीच परवानगी दिलेल्या सॉफ्टवेअरने ते बाहेर दिलं, तर तो कशाला ओरडेल?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००६च्या सुमारास रामबागेत माझा कॉम्प्युटर क्लास होता. एका मुलाने तिथल्या मशीनवर असंच एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी त्याच्या शोधाच्या चौकटीत सहज 'बायोडाटा' असं इंग्रजीत टाइप केलं. पडदा भरून फाइली आल्या. लग्नासाठी केलेले बायोडाटा होते. जन्मवेळ, उंची, वडिलांची नोकरी, घरचा फोन नंबर. कुठल्या कुठल्या घरातल्या मुली, आणि त्यांचे फोटो माझ्यासमोर. मग मी आपल्या मशीनवरून काय बाहेर जातंय ते पाहिलं. सबंध 'डी' ड्राइव्ह. त्यात माझ्या विद्यार्थ्यांचं फीचं रजिस्टर होतं, पत्ते आणि फोन नंबरांसकट. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमचा मुलगा निष्काळजी आहे असं मी म्हणणार नाही. २००३ साली काझा नावाच्या तेव्हाच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरचा एक अभ्यास झाला होता. त्यात १२ जणांना आपल्या कॉम्प्युटरवरून नेमक्या कोणत्या फाइली शेअर होताहेत ते ओळखायला सांगितलं. फक्त दोघांना बरोबर सांगता आलं. आणि अशा उघड्या फाइलींच्या शोधात बसलेली माणसं खरोखर असतात. २००७ साली अमेरिकेत सिअॅटलला एकाला अटक झाली. लाइमवायरसारख्या सॉफ्टवेअरवर तो लोकांची टॅक्स रिटर्न शोधायचा, त्यांच्या नावावर उधारीची खाती उघडायचा आणि सामान मागवून विकायचा. कोणाचं कुलूप त्याने तोडलं नव्हतं.

टॉरेंटची गोष्ट थोडी वेगळी. तिथे फोल्डर उघडा पडत नाही. जी फाइल आपण घेतो तिचेच तुकडे घेता घेता इतरांनाही देत असतो. त्या वेळी आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा नंबर, तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांना दिसतो. टॉरेंट स्वतः वाईट नाही. उबुंटू आणि लिबरऑफिसवाले आपलं मोफत सॉफ्टवेअर त्याच मार्गानेही देतात. पण नवा सिनेमा किंवा गेम असा उतरवणं आणि पुढे वाटणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर विचारणा आधी तुमच्याकडे येईल. मुलाला हे स्पष्ट सांगा.

मला खरी धास्ती आहे ती गेमच्या 'क्रॅक'ची. पैसे न भरता गेम चालावा म्हणून जी छोटी फाइल येते, ती चालवण्याआधी 'अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते आणि मुलं ती पाळतात. स्टॉप, ज्याला डीजेव्हीयूही म्हणतात, हा खंडणीखोर प्रोग्राम अशाच क्रॅकमधून घरोघरी पसरला. तो फोटो, हिशेब, सगळं कुलूपबंद करतो आणि पैसे मागतो. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने त्यावर मोफत उपाय काढला, पण तो सगळ्या प्रकारांना लागू पडत नाही. टॉरेंट तुकडे तपासून घेतं असं मुलगा म्हणेल. ते खरं आहे, पण ती तपासणी फाइल मूळ टाकणाऱ्याने टाकली तशीच आली की नाही एवढीच असते. त्याने विष टाकलं असेल तर विषच अगदी अचूक पोचतं.

आता करायचं काय? शेअरिंगचं सॉफ्टवेअर काढा, क्रॅक घातलेले गेमही काढा. राउटरमध्ये त्या सॉफ्टवेअरसाठी एखादं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडलेलं असेल तर तेही भाच्याकडून बंद करून घ्या. मग पूर्ण स्कॅन. मुलाला विंडोजमध्ये वेगळं, साधं खातं करून द्या, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मंडळाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही कुलूपबंद होतो. आधारचे फोटो पुसून टाका, रीसायकल बिनमधूनही. यापुढे कोणाकडूनही 'मास्क्ड आधार'च मागा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

यादीत ते फोल्डर सापडलं, तर एक काम उरतं, आणि तेच जड आहे. सॉफ्टवेअर काढल्याने बाहेर गेलेली प्रत परत येत नाही, म्हणून त्या २३ जणींना सांगावं लागेल. माझ्या क्लासच्या वेळी मी दुसऱ्या दिवशी एकेका घरी फोन लावला. दोन पालक रागावले, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. भजन संपल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी सांगा. आधारच्या अॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करता येतं. ज्यांना जमत नाही त्यांच्या फोनवर तुमचा मुलगाच ते करून देईल. कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, आणि खात्यातून पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. दोन्ही गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून मंडळाच्या वहीत चिकटवा. ज्या त्या दिवशी आल्या नसतील, त्यांच्या घरी जाऊन या.